शाश्वततेची संशोधन केंद्रं नेमकं काय मोजतात?

जगातल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांत आज ‘शाश्वत विकास आणि समाजकल्याण’ अशा अर्थाची पाटी लावलेलं एखादं संशोधन केंद्र असतं. नाव इतकं ऐसपैस, की त्यात काहीही मावावं. आत डोकावलं तर एकीकडे कुणी समुद्राच्या पाण्याची आम्लता तपासत असतं, दुसरीकडे कुणी ‘तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात’ या प्रश्नाच्या उत्तरांचे तक्ते मांडत असतं, आणि तिसऱ्या खोलीत शहराच्या बससेवेवर चर्चा रंगलेली असते. रसायनशास्त्राचा विभाग काय करतो हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. या केंद्रांबाबत मात्र ‘इथे नक्की चालतं काय?’ हा प्रश्न पडतोच, आणि तो रास्त आहे.

माझं उत्तर असं, की ही केंद्रं प्रामुख्यानं मोजतात. झाडं लावणं, जनजागृती करणं, सरकारला सल्ले देणं ही कामं इतरही लोक करतात आणि बरेचदा जास्त चांगली करतात. पण एखाद्या समाजाचं बरं चाललंय हे कशावरून ठरवायचं, आणि ते बरं चालणं पुढच्या पिढीच्या वाट्याचं खाऊन तर होत नाही ना हे कसं तपासायचं, हे काम चिकाटीनं करणारं दुसरं कुणी फारसं नाही. यातली खरी मेख पुढेच आहे. काय मोजायचं हे ठरवतानाच निम्मं उत्तर ठरून जातं.

लाल आणि हिरवे हातपंप

बांगलादेशात १९७० च्या दशकात तळ्यांचं आणि नद्यांचं पाणी पिऊन जुलाब आणि कॉलऱ्यानं लहान मुलं मोठ्या संख्येनं दगावत होती. त्यावर उपाय म्हणून सरकार आणि युनिसेफनं हातपंप बसवायला सुरुवात केली. पुढे लोकांनी स्वतःच्या खर्चानंही लाखो पंप बसवले. जमिनीखालच्या पाण्यात जंतू नव्हते, आणि त्या काळी ‘सुरक्षित पाणी’ याचा अर्थ जंतू नसलेलं पाणी एवढाच होता. पाण्यात आर्सेनिक आहे का, हे कुणी तपासलंच नाही.

सीमेपलीकडे पश्चिम बंगालमध्ये १९८० च्या दशकात कोलकात्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे तळहातांवर, तळपायांवर कडक गाठी आणि अंगावर काळे चट्टे असलेले रुग्ण येऊ लागले. कारण निघालं पिण्याच्या पाण्यातलं आर्सेनिक. जादवपूर विद्यापीठातल्या स्कूल ऑफ एन्व्हायर्नमेंटल स्टडीज या केंद्रानं दीपांकर चक्रवर्ती यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षं गावोगाव फिरून पाण्याचे, केसांचे, नखांचे नमुने तपासले आणि बांगलादेशातही हाच प्रकार असल्याचा आवाज उठवला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक अंदाज प्रसिद्ध झाला. त्यानुसार बांगलादेशच्या साडेबारा कोटी लोकसंख्येपैकी ३.५ ते ७.७ कोटी लोक धोक्यात होते. इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा, असं तिचं वर्णन तिथे केलं होतं.

याच सुमाराला अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या गटानं स्थानिक सहकाऱ्यांबरोबर ढाक्याच्या पूर्वेला आडाईहजार भागात काम सुरू केलं. या गटात भूवैज्ञानिक होते, सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक होते आणि अर्थतज्ज्ञही होते. पंचवीस चौरस किलोमीटरच्या पट्ट्यातले सुमारे ६,००० हातपंप त्यांनी एकेक करून तपासले. जवळपास निम्म्या पंपांत आर्सेनिक देशाच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. ही मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची १० आहे.

इथवर बातमी वाईटच होती. पण नकाशावर ठिपके मांडले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. दूषित आणि सुरक्षित पंप वेगवेगळ्या भागांत विभागलेले नव्हते, ते सरमिसळ होते. एका अंगणातला पंप विषारी, तर थोड्याच अंतरावरच्या शेजाऱ्याचा स्वच्छ. कारण जमिनीखालचे वाळूचे थर थोड्या अंतरावरही बदलतात आणि प्रत्येकाचा पंप वेगळ्या खोलीवर गेलेला असतो. त्या भागातल्या सुमारे ९० टक्के लोकांच्या घरापासून शंभर मीटरच्या आत एक तरी सुरक्षित पंप होता!

या एका आकड्यानं प्रश्नाचं स्वरूपच पालटलं. निव्वळ अभियंत्यांच्या हाती विषय असता तर शुद्धीकरणाची यंत्रं आली असती. ती आलीही, आणि देखभालीअभावी कित्येक बंद पडली. निव्वळ डॉक्टरांच्या हाती असता तर उपचार केंद्रं निघाली असती. पण सुरक्षित पाणी शेजाऱ्याच्या अंगणात असेल, तर प्रश्न उरतो तो असा: तिथे जाऊन पाणी भरू देतील का? बायका रोज किती चालतील? शेजाऱ्याशी बोलणं नसेल तर? हे प्रश्न समाजशास्त्राचे आणि अर्थशास्त्राचे आहेत, आणि त्यांची उत्तरं प्रयोगशाळेत मिळत नाहीत. पंपांवर खुणा करून लोकांना माहिती दिली, तेव्हा आपला पंप दूषित आहे हे कळलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त कुटुंबांनी दुसरीकडून पाणी भरायला सुरुवात केली. देशपातळीवरच्या मोहिमेत पुढे सुमारे ५० लाख पंप तपासले गेले. दूषित पंपांना लाल रंग देण्यात आला, सुरक्षित पंपांना हिरवा.

त्याच परिसरात सुमारे १२,००० प्रौढांच्या प्रकृतीचा अनेक वर्षं पाठपुरावा झाला. दहा वर्षांच्या मुलांच्या चाचण्यांत पाण्यातलं आर्सेनिक आणि बौद्धिक कामगिरीतली घट यांचा संबंध दिसला. आणि एक कडू निष्कर्षही निघाला. सरकारी पैशानं खोदलेले खोल, सुरक्षित पंप बऱ्याचदा गावातल्या वजनदार मंडळींच्या आवारात बसवले गेले होते, त्यामुळे गरज असलेल्या अनेकांना त्यांचा उपयोग होत नव्हता. पाण्याचे नमुने घेणाऱ्यांनी पंप कुणाच्या जागेत आहे हीसुद्धा नोंदण्याजोगी गोष्ट मानली, म्हणून हे कळलं.

इतकं सविस्तर सांगितलं, कारण अशा केंद्रांचं उत्तम काम कसं असतं ते यात पुरतं दिसतं. निसर्गाची बाजू आणि माणसाची बाजू वेगवेगळ्या अहवालांत न ठेवता एकाच प्रश्नात बसवणं, आणि निकाल छापून झाल्यावरही तिथून न उठणं. सगळी केंद्रं असं करतात असं नाही. पुष्कळ ठिकाणी ‘आंतरविद्याशाखीय’ म्हणजे पाच विभागांच्या लोकांनी एकेक प्रकरण लिहायचं आणि शेवटी सगळं एकत्र बांधायचं, एवढंच असतं.

बरं चाललंय म्हणजे काय?

देशाचं कसं चाललंय हे सांगायला आपल्याकडे एक आकडा आधीपासून आहे, सकल देशांतर्गत उत्पादन, म्हणजेच जीडीपी. गंमत अशी की राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब बसवणारे सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ साली अमेरिकी काँग्रेसला दिलेल्या अहवालात बजावलं होतं, की या मापावरून देशाच्या कल्याणाचा अंदाज बांधू नका. वादळात घरं पडली आणि पुन्हा बांधली, तर बांधकामाचा खर्च उत्पादनात धरला जातो. घरात आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्या बाईचं काम मात्र कुठेच धरलं जात नाही. इशारा मागे पडला आणि आकडा तेवढा जगभर रूढ झाला.

त्याला पर्याय शोधण्यात विद्यापीठांतल्या केंद्रांनी बरीच वर्षं घातली आहेत. १९९० मध्ये पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक आणि अमर्त्य सेन यांच्या विचारांतून मानव विकास निर्देशांक आला. त्यात उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षण बसलं. पुढचं पाऊल ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या दारिद्र्य आणि मानव विकास अभ्यास केंद्रानं टाकलं. सबिना अल्कायर यांच्या नेतृत्वाखाली २००७ साली सुरू झालेल्या या केंद्रानं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाबरोबर २०१० मध्ये बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक काढला. नाव बोजड असलं तरी हिशेब अगदी सोपा आहे, तो करूनच पाहू.

आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान या तीन बाजू, तिन्हींना सारखं वजन. आरोग्यात दोन निकष आहेत, पोषण आणि बालमृत्यू. शिक्षणातही दोन, शालेय शिक्षणाची वर्षं आणि मुलांची शाळेतली हजेरी. या चौघांना प्रत्येकी एक षष्ठांश वजन. राहणीमानात सहा निकष येतात: स्वयंपाकाचं इंधन, संडास, पिण्याचं पाणी, वीज, घराचं बांधकाम आणि घरातल्या वस्तू. यांना प्रत्येकी एक अठरांश. ज्या घराची उणिवांची बेरीज एक तृतीयांश किंवा जास्त भरते, ते घर गरीब.

आता एक घर घ्या. चूल लाकडावर पेटते, संडास नाही, जमीन मातीची आहे. झाले तीन अठरांश. घरातलं एक मूल शाळेत जात नाही, म्हणजे आणखी एक षष्ठांश, अर्थात तीन अठरांश. बेरीज सहा अठरांश, बरोबर एक तृतीयांश. घर गरीब ठरलं. उद्या ते मूल शाळेत जाऊ लागलं की बेरीज निम्म्यावर येते आणि घर यादीतून बाहेर पडतं. चूल तीच, जमीन तीच, संडास अजूनही नाही.

हा या निर्देशांकाचा दोष आहे का? माझ्या मते नाही. कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण ती रेघ निसर्गानं आखलेली नाही, एका खोलीत बसून काही माणसांनी चर्चेअंती आखली आहे, हे वाचणाऱ्याच्या लक्षात असावं. या पद्धतीची जमेची बाजू मोठी आहे. आकडा उलगडता येतो. कोणत्या भागातली गरिबी इंधनाची, कोणत्या भागातली पोषणाची, हे वेगळं काढता येतं आणि पैसा कुठे घालायचा ते ठरवता येतं. २०२४ च्या अहवालानुसार ११२ देशांतल्या ६३० कोटी लोकांपैकी ११० कोटी या अर्थानं गरीब होते.

दुसरी वाट थेट माणसालाच विचारण्याची. ऑक्सफर्डचंच वेलबीइंग रिसर्च सेंटर ज्याचं प्रकाशन करतं, तो जागतिक आनंद अहवाल २०१२ पासून निघतो. त्याचा पाया एकच प्रश्न आहे: शून्यापासून दहापर्यंत पायऱ्यांची शिडी डोळ्यांसमोर आणा, सर्वांत वरची पायरी म्हणजे तुमच्यासाठी शक्य असलेलं उत्तम आयुष्य, तर आज तुम्ही कोणत्या पायरीवर आहात? २०१८ पासून फिनलंड पहिला येतोय आणि दर वर्षी मार्च महिन्यात त्यावर विनोद होतात. पण यात ‘तुम्ही आनंदी आहात का’ असं कुणी विचारलेलंच नसतं. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवून दिलं, की शिडी म्हटल्यावर लोकांच्या मनात पैसा आणि सत्ता जास्त येते. शिडीचं चित्र काढून तोच प्रश्न विचारला तर उत्तरांतला तो भर कमी होतो. तेव्हा बातमीत ‘सर्वांत आनंदी देश’ असं वाचलं, की मनातल्या मनात ‘सर्वांत समाधानी उत्तरं देणारा देश’ असं म्हणावं.

दुसरी बाजू: पृथ्वीला परवडेल का?

शाश्वत विकासाची रूढ व्याख्या १९८७ सालची, नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाची. पुढच्या पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं. वाक्य चांगलं आहे, पण त्यानं काही मोजता येत नाही.

मोजता येईल असं काही द्यावं, हा प्रयत्न २००९ मध्ये योहान रॉकस्ट्रॉम आणि त्यांच्या २८ सहकाऱ्यांनी केला. रॉकस्ट्रॉम तेव्हा स्टॉकहोम विद्यापीठातल्या रेझिलियन्स सेंटरचे प्रमुख होते. हे केंद्र त्याआधी दोनच वर्षं, म्हणजे २००७ मध्ये, सुरू झालं होतं. त्यांनी पृथ्वीच्या नऊ व्यवस्था निवडल्या. हवामान, जीवसृष्टी, जमिनीचा वापर, गोडं पाणी, नायट्रोजन आणि फॉस्फरसची चक्रं, समुद्राची आम्लता, हवेतले सूक्ष्म कण, ओझोनचा थर आणि माणसानं तयार केलेली नवी रसायनं. त्यातल्या सातांसाठी त्यांनी आकड्यांत सीमा सुचवली; हवेतले सूक्ष्म कण आणि नवी रसायनं यांची सीमा तेव्हा ठरवता आली नाही. हवामानाची सीमा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावर बसवलेली आहे, दशलक्ष भागांत ३५०. आज हा आकडा ४२० च्या वर आहे. सीमा ओलांडली म्हणजे दुसऱ्या दिवशी आकाश कोसळत नाही. धोका वाढत जाणारा पट्टा तिथून सुरू होतो, इतकाच त्याचा अर्थ. २००९ मध्ये तीन सीमा ओलांडल्या गेल्या होत्या, २०१५ मध्ये चार, २०२३ मध्ये सहा, आणि २०२५ च्या तपासणीत समुद्राच्या आम्लतेची सातवी. यातली काही वाढ खरोखरच्या बिघाडाची आहे, काही आधी मोजता न आलेल्या सीमा नंतर मोजल्या गेल्यामुळे आहे. बातम्यांत हा फरक सहसा येत नाही. ओझोनची सीमा मात्र जगाच्या पातळीवर आतच आहे. १९८७ च्या माँट्रियल करारानं तिथे उतार पडला.

आता या दोन्ही बाजू एकत्र मांडल्या तर? नेमकं हेच इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या डॅनियल ओनील आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये केलं. दीडशेहून जास्त देश, पर्यावरणाचे सात निकष, चांगल्या जगण्याचे अकरा. एकाही देशाला दोन्ही साधलेलं नव्हतं. लोकांच्या गरजा भागवणारे श्रीमंत देश आपल्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त ओरबाडत होते, आणि मर्यादेत राहणारे देश लोकांच्या मूलभूत गरजा भागवू शकत नव्हते. त्यातल्या त्यात जवळ पोहोचला होता व्हिएतनाम. सगळ्या जगाला पोषण, संडास, वीज देणं आणि टोकाची गरिबी संपवणं हे बहुधा पृथ्वीच्या मर्यादेत बसेल, असं त्यांच्या हिशेबात आलं. पण आयुष्याबद्दलचं समाधान वगैरे वरच्या पायऱ्या आजच्याच रीतीनं सगळ्यांना द्यायच्या म्हटलं, तर मर्यादेच्या दुप्पट ते सहापट साधनं लागतील.

मला हा अभ्यास या क्षेत्रातला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. पण त्याच्या पोटातही एक निवड दडलेली आहे, ती नजरेआड करू नये. पृथ्वीची मर्यादा देशांत वाटताना त्यांनी ती दरडोई समान वाटली. ज्यांनी दोनशे वर्षं धूर सोडला त्यांना आणि ज्यांनी कालपरवा कारखाना काढला त्यांना सारखाच वाटा. याहून वेगळी वाटणीही न्याय्य म्हणता येईल, आणि मग देशांची जागा बदलेल.

असाच एक छुपा निर्णय हवामान बदलाच्या अर्थशास्त्रात असतो. शंभर वर्षांनी होणारं नुकसान आज किती मोजायचं? निकोलस स्टर्न यांनी ब्रिटिश सरकारसाठी २००६ मध्ये केलेल्या अहवालात पुढचं नुकसान दर वर्षामागे साधारण १.४ टक्क्यांनी कमी धरत जाण्याचा दर घेतला होता. त्या दरानं शंभर वर्षांनंतरच्या नुकसानीची आजची किंमत सुमारे एक चतुर्थांश भरते. येल विद्यापीठाच्या विल्यम नॉर्डहाउस यांनी बराच चढा दर धरला. चार टक्के धरून पाहा, तीच किंमत पन्नासाव्या हिश्श्यावर येते. एकाचं म्हणणं ताबडतोब मोठा खर्च करा, दुसऱ्याचं म्हणणं दमानं घ्या. दोघांच्याही गणितात चूक नाही. न जन्मलेल्या माणसाला किती महत्त्व द्यायचं, एवढ्यावर सगळं अडलेलं आहे. २००८ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हवामान बदलाच्या अभ्यासासाठी ग्रँथम संस्था निघाली आणि स्टर्न तिचे अध्यक्ष झाले. नॉर्डहाउस यांना २०१८ चं नोबेल मिळालं. वाद अजून मिटलेला नाही.

आकडा लोकांच्या घरात गेल्यावर

प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्ट घरात चालतेच असं नाही. ओडिशातल्या सुधारित चुलींचा अभ्यास याचा उत्तम नमुना आहे. धुराड्याची मातीची चूल प्रयोगशाळेत धूर कमी करते, यात शंका नव्हती. रेमा हन्ना, एस्थर डुफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन यांनी सुमारे २,६०० घरांचा चार वर्षं मागोवा घेतला. डुफ्लो ज्या केंद्राच्या संस्थापकांपैकी आहेत ते एमआयटीतलं जे-पाल २००३ पासून अशा प्रत्यक्ष चाचण्याच करतं. चिठ्ठ्या टाकून ठरवावं तशा पद्धतीनं काही घरांना चूल आधी मिळाली, काहींना नंतर. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासातला धूर थोडा उतरला. दुसऱ्या वर्षापासून फरक उरलाच नाही. फुप्फुसांच्या आरोग्यात सुधारणा नाही, सरपणात बचत नाही. धुराडं वेळच्या वेळी साफ व्हायला हवं होतं, चुलीची डागडुजी व्हायला हवी होती, ती होत नव्हती. शिवाय जुनी चूलही घरात होतीच.

नव्या चुली वाटण्याचा कार्यक्रम वाटलेल्या चुलींच्या संख्येवर मोजला असता तर यशस्वी ठरला असता. चार वर्षं श्वास मोजला म्हणून खरं काय ते कळलं.

उलट दिशेचं उदाहरण एलिनॉर ऑस्ट्रम यांचं. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी असं मांडलं होतं, की सामाईक चराऊ रानाची नासाडी अटळ असते, कारण प्रत्येक जण आपलंच जास्तीचं जनावर सोडतो. मग एकतर सरकारनं ताबा घ्यावा किंवा खासगी मालकी यावी. ऑस्ट्रम आणि त्यांचे पती व्हिन्सेंट यांनी १९७३ मध्ये इंडियाना विद्यापीठात एक अभ्यासकेंद्र काढलं आणि तिथल्या लोकांनी जगभरातल्या सामाईक साधनांचे प्रत्यक्ष दाखले गोळा केले. नेपाळमधल्या दोनशेहून जास्त सिंचन व्यवस्था त्यांनी तपासल्या. शेतकऱ्यांनी दगडमातीचे बांध घालून चालवलेले पाट बऱ्याचदा सरकारी, पक्क्या बांधकामाच्या कालव्यांपेक्षा टोकाच्या शेतापर्यंत पाणी चांगलं पोहोचवत होते.

असं का? कच्चा बांध दर पावसाळ्यात वाहून जातो. तो पुन्हा घालायला वरच्या शेतकऱ्याला खालच्या शेतकऱ्याचे हात लागतात. हात हवे असतील तर पाणी द्यावं लागतं. पक्कं बांधकाम झालं की वरच्याला खालच्याची गरजच उरत नाही. सिमेंटनं पाण्याची गळती थांबवली आणि त्याबरोबर गावातला व्यवहारही मोडला. ऑस्ट्रम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पेशानं त्या अर्थशास्त्रज्ञ नव्हत्या, राज्यशास्त्राच्या होत्या.

पैसा, बढती आणि मुदत

हे सगळं इतकं मोलाचं असेल तर अशी केंद्रं रडतखडत का चालतात? कारण विद्यापीठाची रचना त्यांच्या विरुद्ध आहे. नेमणूक आणि बढती बहुतेक ठिकाणी विभागाच्या हातात असते. केंद्रात काम करणारा तरुण संशोधक जलशास्त्रज्ञांना पुरेसा जलशास्त्रज्ञ वाटत नाही आणि समाजशास्त्रज्ञांना पुरेसा समाजशास्त्रज्ञ वाटत नाही. गावात तीन वर्षं राहून मिळवलेला विश्वास बायोडेटात कुठल्या रकान्यात लिहायचा, हेही ठरलेलं नाही. अनुदान साधारण तीन ते पाच वर्षांचं. आर्सेनिकचा परिणाम दिसायला दशकं लागतात, धुराड्याचा फोलपणा कळायला दुसरं वर्ष उजाडावं लागतं. पहिल्या वर्षीच अनुदान संपलं असतं तर चूल यशस्वी म्हणून नोंदली गेली असती.

आणि पैसा कुणाचा, हा प्रश्न आहेच. स्टॅनफर्ड विद्यापीठानं २०२२ मध्ये शाश्वततेची स्वतंत्र शाखा उघडली, सत्तर वर्षांतली त्यांची पहिली नवी शाखा. गुंतवणूकदार जॉन डोअर आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅन यांनी तिला १.१ अब्ज डॉलर दिले. तेल आणि वायू कंपन्यांचा निधीही स्वीकारू, अशी भूमिका शाखेच्या प्रमुखांनी घेतली आणि विद्यार्थी-प्राध्यापकांत जोरदार वाद पेटला. एका बाजूचं म्हणणं असं, की ज्यांना बदलायचं त्यांच्याशी बोलल्याशिवाय ते बदलणार कसे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, पैसा घेतला की कोणते प्रश्न विचारायचे नाहीत हे न सांगताच ठरतं. मला दुसरी बाजू जास्त पटते. पैसे देणारा निष्कर्ष बदलायला सहसा सांगत नाही, त्याची गरजही नसते. कार्बन पकडून जमिनीत गाडण्यावर दहा प्रकल्प निघतात आणि तेल काढणं कमी कसं करावं यावर एकही निघत नाही. त्या दहांतला प्रत्येक प्रकल्प प्रामाणिक असू शकतो.

म्हणून अशा केंद्राचा अहवाल हाती आला की मी आधी शेवटची पानं उघडतो, जिथे निधीचा उल्लेख असतो. मग किती वर्षांची पाहणी आहे ते पाहतो. त्यानंतर ज्या लोकांविषयी लिहिलंय त्यांनी काही ठरवलं होतं का, की ते नुसते नमुन्यातले आकडे होते, हे शोधतो. सारांश सगळ्यात शेवटी वाचतो, कारण तो बहुतेक वेळा प्रसिद्धी विभागाला समोर ठेवून लिहिलेला असतो.

क्रमवारीच्या बाबतीत जरा जास्तच सावध राहावं. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं आणि १६९ लक्ष्यं ठरवली. त्यांच्या आधारे टाइम्स हायर एज्युकेशन हे नियतकालिक २०१९ पासून विद्यापीठांची क्रमवारी लावतं. बरीचशी माहिती विद्यापीठं स्वतःच भरून पाठवतात. एकूण गुणांत भागीदारीच्या सतराव्या उद्दिष्टाला २२ टक्के वजन, आणि उरलेल्या सोळांपैकी ज्या तीन उद्दिष्टांत त्या विद्यापीठाला सर्वाधिक गुण मिळाले असतील त्यांना प्रत्येकी २६. म्हणजे दोन विद्यापीठं एकाच यादीत शेजारी दिसतात, पण एकाचे गुण पाणी, आरोग्य आणि शिक्षणाचे असू शकतात आणि दुसऱ्याचे उद्योग, शहरं आणि ऊर्जेचे. प्रवेशाच्या जाहिरातीत ‘शाश्वततेत जगात अमुकावा क्रमांक’ असं दिसलं, तर ती तीन उद्दिष्टं कोणती होती हे आधी विचारावं.